सफरचंदाच्या पेशीने पानथरी उतरत नाही

पूर्वपक्ष असा आहे. सृष्टीतील जीवन मुळात एक. झाडाच्या शेंड्याशी बसून जी पेशी वर्षानुवर्षे नवे पान आणि नवी फांदी घडवीत राहते, तिचीच भगिनी माणसाच्या हाडाच्या पोकळीत बसून नवे रक्त घडविते. सबब झाडातील ही घडविणारी पेशी काढून, वाळवून, कुपीत भरून माणसाच्या पोटात घातली, म्हणजे झिजलेला गुडघा, थकलेले यकृत आणि बिघडलेले रक्त ही सर्व आपोआप दुरुस्त होतील. ज्यांना वर्तमानपत्रे ‘स्टेम सेल’ म्हणतात आणि आपण मूलपेशी म्हणतो, त्यांच्या नावावर चालणारा हा व्यापार आता मोठ्या शहरांतील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांपुरता उरलेला नाही. साखळी पद्धतीने माल खपविणाऱ्यांच्या पिशवीतून तो खेडोपाडी जाऊन पोहोचतो. आणि पेठसारख्या आदिवासी तालुक्यात, जेथे सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात विकार पुस्तकातला नसून शेजारच्या घरातला आहे, तेथे त्याची वर्दी लागली, म्हणजे शहरी लोकांची एक खर्चिक हौस एवढे म्हणून त्याकडे पाठ फिरविता येत नाही.

प्रतिपक्षाचे जेवढे खरे आहे तेवढे आधी बिनतक्रार कबूल करू. मूलपेशी ही खरोखरच विलक्षण वस्तू आहे. शरीरातील बहुसंख्य पेशी आपापल्या कामाला जन्माच्या बांधलेल्या असतात. मूलपेशी मात्र विभागली, की तिच्या कन्यांपैकी एखादी तिच्यासारखीच राहते आणि दुसरी एखाद्या विशिष्ट कामाची दीक्षा घेऊन निघून जाते, त्यामुळे भांडवल शाबूत राहून व्याज खर्चता येते. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेतील अशा थोड्याशा पेशींच्या जोरावर दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी तयार होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ज्यावर वर्षानुवर्षे अभ्यास झाला तो हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला इवलासा जीव तर कापला असता तुकड्यातुकड्यातून पुन्हा पुरा होतो, आणि ही करामत त्याच्या मूलपेशींचीच. वनस्पतींच्या बाबतीत तर आश्चर्याला पारावार नाही. कळकाला आयुष्यात एकदाच, जातीप्रमाणे बारापासून एकशेवीस वर्षांनी, फुलोरा येतो. परंतु पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरमी आणि मस्कारेन्हस या संशोधकांनी काचेच्या नळीत वाढविलेल्या बांबूच्या कोवळ्या रोपांना काही महिन्यांतच फुले आणून दाखविली, आणि तो वृत्तांत १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जळगावच्या केळीबागा आज ज्या ऊतिसंवर्धित रोपांवर उभ्या आहेत, तीही शेंड्याच्या विभाजी पेशींचीच संतती होय. तेव्हा वनस्पतीच्या मूलपेशीत सामर्थ्य नाही, असे म्हणण्याचा वेडेपणा प्रस्तुत लेखक करणार नाही. प्रश्न एवढाच, की ते सामर्थ्य कोणाचे, आणि कोठे असताना.

‘जीवन एकच’ हे वाक्य भजनात शोभते. औषधाच्या पत्रकावर त्याचा दाखला देण्यापूर्वी थोडा इतिहास तपासावा लागतो. वनस्पती आणि प्राणी यांचा समाईक पूर्वज एकपेशीय होता; अनेक पेशींचे शरीर उभे करण्याची विद्या दोन्ही घराण्यांनी फारकत झाल्यानंतर, परस्परांना न विचारता, स्वतंत्रपणे संपादन केली. म्हणून आंब्याच्या शेंड्यातील मूलपेशी आणि माणसाच्या मज्जेतील मूलपेशी यांच्यात कामाचे साम्य आहे, रक्ताचे नाते नाही. एकीला हुकूम देणारी द्रव्ये वेगळी, दुसरीला देणारी वेगळी, आणि एकीच्या भोवती लाकडी कोटासारखी भिंत, तर दुसरीच्या भोवती पातळ पडदा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मूलपेशीचे मूलपेशीपण बव्हंशी तिच्या जागेत असते. शेंड्याशी काही थोड्या पेशी शेजारच्या पेशींकडून सतत येणाऱ्या निरोपामुळे तरुण राहतात. त्याच पेशीच्या कन्या दोन-चार थर खाली ढकलल्या गेल्या, की पान होतात किंवा देठ होतात आणि पुन्हा माघारी येत नाहीत. मज्जेतही हाच न्याय. जागेवरून उठविलेली मूलपेशी म्हणजे बदली झालेला अंमलदार. दप्तर, शिक्का आणि शिपाई मागे राहिल्यावर त्याच्या हुकुमाची तामिली कोण करणार?

आता ज्या मालामुळे या सगळ्या व्यापाराला नाव मिळाले त्याचीच हकिकत पाहा. स्वित्झर्लंडमध्ये उट्‌वायलर स्पेटलाउबर नावाची सफरचंदाची एक जुनी, फार दिवस टिकणारी जात आहे. तिच्या पेशी द्रवात वाढवून त्यांपासून त्वचेला लावावयाचे एक द्रव्य तेथील एका कंपनीने २००८ साली बाजारात आणले, आणि जगभरच्या ‘सफरचंदाच्या मूलपेशी’ तेव्हापासून सुरू झाल्या. परंतु ते द्रव्य तयार करताना वाढविलेल्या पेशी प्रचंड दाबाखाली फोडून त्यांचा अर्क स्निग्ध कणांत बांधतात, हे त्या प्रक्रियेचे उघड वर्णन आहे. म्हणजे डबीत मूलपेशी नाही. मूलपेशीचा लगदा आहे. अर्क म्हणून त्याचा त्वचेला काही उपयोग होत असेल, तर तो अर्काच्या नावाने सिद्ध करावा. फोडलेल्या पेशीच्या नावावर जिवंत पेशीचा पराक्रम खपविणे ही मात्र सरळ लबाडी आहे, आणि ती पोटातून घ्यावयाच्या कुपीच्या बाबतीत दुप्पट होते, कारण पेशी अभंग असती तरी जठरातील आम्लापुढे आणि आतड्यातील पाचकरसांपुढे तिची गत भाजीतल्या पाल्याहून निराळी झाली नसती. मेथीच्या जुडीत हजारो मूलपेशी असतात. त्या आपण पिढ्यानपिढ्या खात आलो, आणि कोणाच्या गुडघ्याला त्यामुळे पालवी फुटल्याचे ऐकिवात नाही.

पेठच्या शेतकऱ्याला यातील मर्म समजावून सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. वाडी योजनेतून या डोंगरउतारांवर आंब्याची कलमे लावली गेली, तेव्हापासून रायवळ खुंटावर केसरची काडी बसविण्याचे काम येथील कितीतरी हातांना अवगत आहे. सालीच्या आत जो ओला, बोटाला गुळगुळीत लागणारा थर असतो, तोच झाडाच्या जाडीची मूलपेशींची पेढी. खुंटाचा तो थर आणि काडीचा तो थर एकमेकांना नेमके भिडले तरच कलम धरते, आणि आंब्याची काडी फणसावर बसवून पाहण्याचा उद्योग कोणी शहाणा माणूस करीत नाही. जो नियम दोन झाडांमध्येही मोडता येत नाही, तो झाड आणि माणूस यांच्यामध्ये मोडून दाखविण्याचा दावा करणाऱ्याने पुराव्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला पाहिजे. पत्रकावर हिरव्या पानाचे चित्र छापल्याने तो भार उतरत नाही.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, की मग वनस्पतीपासून औषध होतच नाही काय? होते, आणि उत्तम होते. दारातल्या सदाफुलीपासून निघणारी व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही द्रव्ये कर्करोगावर, विशेषतः लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर, जगभर वापरली जातात. वनस्पतीच्या जिवंत पेशींचाही उपयोग आहे: गोशे नावाच्या दुर्मिळ विकारात जे प्रथिन रोग्याच्या शरीरात तयार होत नाही, ते गाजराच्या पेशींकडून तयार करवून घेण्यात यश आले आणि २०१२ साली त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे द्रव्य यू वृक्षाची साल न सोलता त्याच्या पेशी मोठ्या पिंपांत वाढवून मिळविता येते. परंतु या सर्व उदाहरणांत वनस्पतीची पेशी हा कारखाना आहे. त्यातून निघालेला माल मोजून, शुद्ध करून, चाचणी करून रोग्याला दिला जातो. कारखान्याच्या भिंती कुटून त्यांचे चूर्ण कोणी रोग्याला चाटवीत नाही.

‘गुण नसेल, पण अपाय तरी नाही ना’ हे या व्यापाराचे सर्वांत लाडके आणि सर्वांत घातक वाक्य आहे. सिकलसेलचा स्वभाव ज्याने जवळून पाहिला आहे त्याला त्यातील कपट लगेच कळेल. निरोगी तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. या विकारात ती विळ्यासारखी वाकडी होऊन दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते, वाटेत बारीक रक्तवाहिन्या तुंबविते, मुलांची पानथरी वाढते, हाडे आणि सांधे असह्य दुखतात. ही दुखण्याची उचल येते आणि बहुधा काही दिवसांनी ओसरते. थंडी, तहान, ताप आणि अतिश्रम ही तिची निमंत्रणे होत. पेठची माणसे ज्या दिवसांत द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, त्याच दिवसांत निफाडची थंडी राज्यात नाव काढते, हा योगायोग रोग्याच्या दृष्टीने क्रूर आहे. जे दुखणे स्वतःच ओसरते त्यावर दिलेली कोणतीही कुपी यशस्वी ठरते. मग साक्षीदारांना काय तोटा? ‘चार दिवसांत उठून बसला’ हे सांगणारा नातेवाईक खोटे बोलत नसतो. तो फक्त कुपी न घेता चार दिवसांत उठून बसलेल्यांची मोजदाद करीत नाही. या अवधीत हायड्रॉक्सियुरियाची गोळी, जी जन्मापूर्वीच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून दुखण्याच्या उचली खरोखर कमी करते आणि जी नियमाने, रक्त तपासत घ्यावी लागते, ती ‘केमिकल आहे’ म्हणून बंद केली जाते. येथे अपाय सुरू होतो, आणि तो पत्रकावर कोठे लिहिलेला नसतो. गावातील भगताला नावे ठेवणारे सुशिक्षित लोक हीच कुपी घरी आणतात, याचे मला नेहमी नवल वाटते. भगत निदान प्रयोगशाळेचे चित्र दाखवीत नाही.

कुपी सोडून सुईकडे वळावे, तर तेथे अपायाचे दाखले छापील आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतात एका दवाखान्याने रोग्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी मूलपेशी म्हणून त्यांच्या डोळ्यांत टोचल्या, आणि तीन स्त्रियांची दृष्टी गेली. हे प्रकरण २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर नोंदले गेले. मॉस्कोत मेंदूमध्ये गर्भपेशी टोचून घेतलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात पुढे गाठी झाल्या, आणि तपासाअंती त्या दात्यांच्या पेशींपासून उगवलेल्या निघाल्या. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहून ठेवले आहे, की रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण ज्या विकारांत मान्य आहे ते वगळता मूलपेशींचा इतर कोणताही वापर मान्यताप्राप्त चाचणीच्या चौकटीतच व्हावा, आणि त्याचे रोग्याकडून पैसे घेऊ नयेत. असे असूनही महानगरांतील दवाखाने स्वमग्न मुलांच्या आईबापांकडून आणि पक्षाघाताच्या रोग्यांकडून लाखांनी रकमा घेतात; आणि १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा, ज्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह आणि पक्षाघात यांची नावे स्वच्छ लिहिलेली आहेत, तो दप्तरात धूळ खात पडतो.

याच कुळातला, परंतु अधिक सभ्य पोशाखातला, दुसरा व्यापार नाळेच्या रक्ताचा. जन्मल्याबरोबर बाळाच्या नाळेतील रक्त गोठवून ठेवावे, पुढे त्याला काही झाले तर त्याचेच रक्त त्याला उपयोगी पडेल, असे सांगून हप्त्याहप्त्याने पैसे घेतले जातात. नाळेच्या रक्तातील मूलपेशी खऱ्या आहेत, यात वाद नाही. पॅरिसमध्ये १९८८ साली एका मुलाला बहिणीच्या नाळेच्या रक्तानेच जीवदान मिळाले. पण बहिणीच्या! स्वतःच्या नव्हे. सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतील प्रत्येक मूलपेशीत तोच दोष लिहिलेला असतो. ते रक्त साठवून त्यालाच परत देणे म्हणजे बुडीत कर्जासाठी तीच बुडीत मिळकत पुन्हा तारण ठेवणे होय. घरात आधीचे मूल आजारी असेल आणि नवे बाळ निरोगी निघाले, तर नाळ जपण्यास अर्थ आहे, आणि तसे वैद्य सांगतीलच; एरवी स्वतःसाठी ते रक्त राखून ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदच सांगते. उलट ज्या भागात रक्तक्षयाने मुले आणि माता दोन्ही पांढरी पडलेली असतात, तेथे नाळ कापण्यापूर्वी एक ते तीन मिनिटे थांबावे, म्हणजे तेच रक्त बाळाच्या अंगात उतरते आणि पुढच्या काही महिन्यांचे लोह त्याला मिळते, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पेठच्या प्रसूतिकक्षात एक पैसाही न खर्चता अमलात येते. या पेढीला हप्ता नाही, म्हणून तिचा दलालही नाही.

येथवर सारे सोपे होते. प्रतिपक्षाची खरी ताकद शास्त्रात नाहीच. ती एका रोखठोक प्रश्नात आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात: तुमची खरी मूलपेशींची चिकित्सा आमच्या डोंगरातल्या माणसाला कधी मिळणार आहे? ती मुंबईच्या मोठ्या इस्पितळांची आणि परदेशी कंपन्यांची. गरिबाला निदान आशा तरी विकत घेऊ द्या.

या प्रश्नातील कडवटपणा अकारण नाही. सिकलसेलच्या रोग्याच्याच मूलपेशी बाहेर काढून, त्यांतील एका जनुकाचा लगाम तोडून, त्या परत अंगात सोडणारे पहिले जनुकसंपादित औषध २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाले, आणि अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठरली. हा आकडा ऐकून पेठचा माणूस हसेल, दुसरे काय करील? परंतु या आकड्याआड दडलेली जुनी आणि अधिक साधी गोष्ट प्रतिपक्ष सोयिस्करपणे विसरतो. भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केले. एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेतून एका आठ वर्षांच्या मुलीचा वृत्तांत आला, की रक्ताच्या कर्करोगासाठी केलेल्या प्रत्यारोपणाने तिचा सिकलसेलही नाहीसा झाला. म्हणजे या विकारावर मूलपेशींचा उपाय चार दशके जुना आहे. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळल्या आणि हे काम लहान वयात झाले, तर सुमारे दहांपैकी नऊ मुले विकारमुक्त होतात. दाता स्वतः सिकलसेलचा वाहक असला, तरी चालतो. एका भावंडाशी जुळण्याची शक्यता चारांत एक. आणि ज्या तालुक्यात घरोघर दोन-तीन भावंडे आहेत तेथे ही शक्यता शहरातील एकुलत्या मुलापेक्षा निश्चित अधिक आहे. हे प्रत्यारोपण निर्धोक नाही, त्यापूर्वी तीव्र औषधांनी जुनी मज्जा रिकामी करावी लागते, जंतुसंसर्गाचे आणि वंध्यत्वाचे भय असते, खर्च लाखांत जातो. हे सर्व मान्य. परंतु लाखांतला खर्च हा सरकारच्या आणि धर्मादाय निधीच्या आवाक्यातला प्रश्न आहे. सफरचंदाच्या लगद्याने सिकलसेल बरा करणे हे कोणत्याही अंदाजपत्रकाच्या आवाक्यातले नाही.

आणि सर्व काही परदेशातच चालले आहे, हेही खरे नव्हे. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमधून डॉ. सुदाम काटे यांनी वर्षानुवर्षे या विकाराचा पाठपुरावा केला, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कित्येक शहरी वाचकांना सिकलसेल हे नाव प्रथमच कळले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन असे उद्दिष्ट जाहीर केले आहे. दिल्लीच्या शासकीय प्रयोगशाळेत तयार झालेल्या जनुकसंपादन उपचाराला २०२५ साली बिरसा मुंडांचे नाव देण्यात आले आणि तो पुढे नेण्याचे काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. तो रोग्यापर्यंत केव्हा आणि कोणत्या किमतीत येईल, हे चाचण्या ठरवतील. माझी तक्रार राष्ट्रीय मोहिमेबद्दलही आहे: तपासणीचे रंगीत कार्ड हातात दिले म्हणजे कर्तव्य संपले, अशी समजूत कचेऱ्यांतून लवकर रुजते, आणि कार्ड मिळाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस जेथे नसतो, तेथेच कुपीवाला खुर्ची ओढून बसतो. त्याचे वक्तृत्व आपल्या मौनावर पोसलेले आहे.

म्हणून पेठच्या बाबतीत मागणी नेमकी करावी. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, त्या घरातील सख्ख्या भावंडांची जुळणी तपासण्याची तजवीज मोहिमेच्या खर्चाने व्हावी, आणि ती मूल लहान असतानाच व्हावी. पानथरी बसून गेल्यावर आणि सांधे झिजल्यावर नव्हे. या तपासणीला रक्तसुद्धा काढावे लागत नाही. गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. पेठच्या ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका हे काम तपासणीच्या नेहमीच्या दिवशी उरकू शकते, आणि त्यासाठी कोणा आईबापाला मजुरी बुडवून सावळघाट ओलांडावा लागत नाही.